पत्रिकेच्या पाठीवरचं वाक्य

हिवरखेडमधली लग्नसराई संपली, की आमच्या हबीब सरांची सुरू व्हायची. मे महिन्याच्या अखेरीस घरोघर लग्नपत्रिकांचे गठ्ठे साचलेले असत. रद्दीत टाकाव्यात तर वर गणपती छापलेला, आणि ठेवाव्यात तर लग्नं होऊन गेलेली. अशा वेळी हबीब सर सायकल घेऊन दारोदार फिरायचे आणि ते गठ्ठे मागून आणायचे. एवढ्या पत्रिका कशाला पाहिजेत, असं एखाद्या नव्या सुनेनं विचारलं, तर सासूच आतून सांगायची, की दे त्यांना, इंग्रजी शिकवायला लागतात. जून उजाडेपर्यंत त्यांच्या खोलीत तीन-चारशे पत्रिका जमत. मग ते कात्री घेऊन बसायचे आणि एकसारखी कार्डं कापायचे. मागच्या कोऱ्या बाजूवर इंग्रजी क्रियापदं लिहिली जायची. स्टाफरूममध्ये आम्ही चिडवायचो, की तुमच्या प्रत्येक क्रियापदाच्या पाठीशी गणपती उभा आहे, म्हणून पोरं पास होतात. सर हसून विचारायचे, मग तुमच्या पोरांच्या पाठीशी कोण असतं तेही सांगा.

शेख हबीब मूळचे अकोल्याचे. घर-संसार तिकडेच, हिवरखेडला एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीनं घरी जायचे. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी धारणीकडच्या एका शाळेत काढली होती. अंगानं बुटके, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि पँट कायम खालून दोन बोटं दुमडून शिवलेली. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. अमरावतीत शिकलेली, बी.एड.ला पहिली आलेली, आणि ते पहिलं येणं अजून अंगातून न गेलेली. शाळेत इंग्रजीचे शिक्षक आम्ही दोघंच. पहिल्या महिन्यातच मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की हा माणूस चांगला आहे, पण वेळ फार वाया घालवतो.

वेळ वाया घालवणं म्हणजे काय, तर 'टर्न अप' या एका क्रियापदाला त्यांनी आठ दिवस दिले. मी ते फळ्यावर लिहून, चार अर्थ देऊन, दहा मिनिटांत पुढं गेले होते. सरांच्या वर्गात अर्थ द्यायचेच नाहीत, अर्थ आणायचे. ज्याच्या घरी, शेतात, गोठ्यात जे खरंच घडलं असेल त्याचं वाक्य करून आणायचं. मी एकदा म्हटलं, की सर, डिक्शनरीत सगळं दिलेलं आहे. ते म्हणाले, "डिक्शनरीतला अर्थ पाहुना असते, मॅडम. वाक्य झालं का मंग तो घरचा होते."

मग पोरं वाक्यं आणायची. एकाची शेळी दोन दिवस हरवली होती, ती कोंडवाड्यात टर्न अप झाली. एकीच्या आजोबांना ऐकू येत नाही, ते टीव्हीचा आवाज टर्न अप करतात आणि शेजारच्या काकूंना फुकटात मालिका ऐकायला मिळते. मुख्याध्यापकांनी स्वतः एक वाक्य दिलं होतं: तपासणीसाठी साहेब येणार म्हणून हार आणले, पोहे केले, पोरांना उन्हात उभं केलं आणि साहेब टर्न अप झालेच नाहीत. गावातल्या टेलरची निकिता उभी राहिली आणि मान खाली घालून म्हणाली, "माय फादर टर्न्ड अप हबीब सर्स पँट." वर्ग खो खो हसला. सरांनी गंभीर चेहऱ्यानं पाय बाकावर ठेवला, पँटची दुमड उलटून आतली शिलाई सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, खरं आहे.

कारण त्यांचा नियम तो होता. वाक्य ऐकलं, की ते पेन हातात धरून थांबायचे आणि विचारायचे, "खरं हाये?" पोरानं हो म्हटलं, तरच कार्डावर वाक्य उतरायचं आणि त्याच्याखाली ठळक अक्षरात त्या पोराचं पूर्ण नाव, वर्ग आणि गाव. ज्याच्या बाबतीत घडलं, वाक्य त्याचं. पुढच्या वर्षी नव्या वर्गाला ते कार्ड वाचून दाखवतानाही नाव आधी, वाक्य नंतर. निकिताची धाकटी बहीण आठवीत आली तेव्हा ताईचं कार्ड वर्गात वाचलं गेलं आणि ती दिवसभर अशी मिरवत होती, की जणू तिच्या घरचं लग्न आहे.

मलाही ते सोडायचे नाहीत. सगळ्या स्टाफची वाक्यं झाली होती, शिपायाचंसुद्धा. माझंच नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी ते आठवण करायचे, "मॅडम, तुमचं वाक्य बाकी हाये." एकदा त्यांचं तोंड बंद करावं म्हणून मी वर्गात जाता जाता सांगून टाकलं, की काल आमच्याकडे अचानक पाहुणे टर्न अप झाले. सरांनी पेन काढलं आणि थांबले. "खरं हाये? कोन आलते?" पाहुणे वगैरे कोणी आलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले. ते रागावले नाहीत, टोमणा मारला नाही. फक्त पेनाला टोपण लावलं आणि कोरं कार्ड परत गठ्ठ्यात ठेवलं. मला त्याचा इतका राग आला, की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

नावाचं त्यांना जे वेड होतं, त्याला एक किस्सा पुरे. एका शनिवारी ते अकोल्याला गेले आणि रविवारी दुपारी परत हिवरखेडात हजर. मी त्या वर्षी गावातच राहत होते. बाजारात भेटले तेव्हा विचारलं, की आज कसे? तर एका मुलीच्या कार्डावर तिच्याऐवजी तिच्या बहिणीचं नाव लिहिलं गेलं होतं, ते घरी गेल्यावर लक्षात आलं. तिच्या घरी जाऊन, तिच्यासमोर खाडाखोड न करता नवीन कार्ड लिहून आले होते. सोमवारी केलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांनी पिशवीतून एक पत्रिका काढून माझ्यापुढं धरली. आपल्याकडची नेहमीची पत्रिका: वधू-वर वरती चार ओळींत आटोपलेले आणि खाली मामा, काका, आत्या, आतेभाऊ, किरकोळ पाव्हणे धरून पन्नास-साठ नावं. सर म्हणाले, "पत्रिकेत एक नाव राह्यलं तं मानूस दहा वर्षं दारात पाय ठेवत नाही. आपल्या शिपायाचा साळा अजून बोलत नाही त्याच्याशी. मंग लेकराच्या वाक्याखालचं नाव काहून चुकवाचं?"

मी हसले होते. आज ते हसू आठवलं की कसंतरी होतं.

त्या सगळ्या कार्डांत एक सरांच्या शर्टच्या खिशात असायचं. कडा मऊ पडलेल्या, शाई फिकट झालेली. ते धारणीचं होतं. तिथं त्यांच्या वर्गात मुन्नी कासदेकर नावाची मुलगी होती, आठवीत, कोरकू. घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि वर आमचं इंग्रजी. ती वर्गात तोंडच उघडायची नाही. सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपराला ती वेळेवर आली नाही. पाड्यावरून येणारी एकच जीप होती आणि ती त्या दिवशी वऱ्हाड घेऊन गेली होती. अर्धा पेपर झाला तेव्हा ती दारात उभी राहिली, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. सरांनी मराठीतच विचारलं, की उशीर का झाला. ती इंग्रजीत म्हणाली, "जीप डिड नॉट टर्न अप, सर. आय टर्न्ड अप." सरांच्या खिशात त्या वेळी एक लग्नपत्रिका होती. त्यांनी उभ्या उभ्या ते वाक्य पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं आणि खाली मुन्नीचं नाव. ते त्यांचं पहिलं कार्ड. हे मला सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मी घड्याळ बघत होते, कारण मला तास होता.

सहाव्या वर्षी माझी बदली अमरावतीकडे झाली. तोवर एवढं मला कळून चुकलं होतं, की माझ्या वर्गातली पोरं अर्थ पाठ करतात आणि सरांच्या वर्गातली पोरं बोलतात. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना कार्डांचे फोटो काढू का, म्हणून विचारलं. त्यांनी पत्र्याची पूर्ण पेटी माझ्यापुढं उघडली आणि खिशातलं कार्डही काढून दिलं. मी तासभर मोबाइलवर फोटो काढत होते आणि ते एकेक कार्ड नीट धरून बसले होते. शेवटी म्हणाले, "खुशाल वापरा, मॅडम. फकस्त खालची नावं तेवढी राहू द्या." मी म्हटलं, हे काय सांगणं झालं सर.

नवीन शाळेत मी ती पद्धत सुरू केली. पोरं बोलायला लागली, पालक खूश, आणि एक दिवस एक अधिकारी वर्ग बघायला आले. बघून बाहेर पडताना त्यांनी विचारलं, ही तुमची कल्पना का? उत्तर द्यायला फार वेळ नव्हता असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण हबीब सरांचं नाव घ्यायला लागतो तेवढा वेळ होता. मी म्हणाले, हो.

एका 'हो'मुळं माणसाचं काय काय होतं. मला प्रशिक्षणासाठी निवडलं. दोन जिल्ह्यांतले इंग्रजीचे शिक्षक अमरावतीला येणार होते आणि त्यांच्यापुढं मला तासभर बोलायचं होतं. आदल्या आठवड्यात मी फोटो घेऊन स्लाइड बनवायला बसले. कार्डाच्या खालची नावं वेड्यावाकड्या जागी होती, कोणाचं गाव दोन ओळींत गेलेलं. मला ते गचाळ दिसलं. असंही सांगता येईल. पण खरं असं, की प्रत्येक नाव बघितलं की पेटी उघडून बसलेले सर दिसायचे, आणि मला ते दिसायला नको होते. मी अंगठ्यानं फोटोची खालची कड वर ढकलत गेले. निकिता गेली, शेळीवाला गेला, मुन्नी गेली. चाळीस कार्डं होती. पंधरा-वीस मिनिटांत सगळी स्वच्छ झाली.

हॉलमध्ये मी बोलायला उभी राहिले आणि पाचव्या मिनिटाला मला सर दिसले. चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, वही मांडीवर. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं त्यांचं. अशा वेळी कोणी त्यांना प्रशिक्षणाला पाठवेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला दिसताच त्यांनी मान हलवून ओळख दिली, अगदी आनंदानं. तिथून पुढं मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण थांबले नाही एवढं आठवतं. थांबता आलं असतं. "हे ज्यांचं आहे ते इथंच बसले आहेत", एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी जीपचं वाक्य सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, ते दाखवलं, आणि हॉलभर टाळ्या पडल्या. सरही टाळ्या वाजवत होते.

मग कोणीतरी म्हणालं, काही शंका असतील तर विचारा. हबीब सर उठले. मला वाटलं, आता विचारतील, की ही कार्डं कोणाची.

"मॅडम, एकच शंका," ते म्हणाले. "ते जीपचं वाक्य कोनाचं हाये?"

स्वतःबद्दल अक्षर नाही. मी म्हणाले, की मेळघाट भागातल्या एका विद्यार्थिनीचं. त्यांनी विचारलं, "नाव?" ते नाव मला झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आलं असतं. मी म्हणाले, नाव आत्ता आठवत नाही. सर "बरं" म्हणाले आणि खाली बसले.

चहाच्या वेळी मी त्यांना शोधत गेले, की ते दिसू नयेत म्हणून शोधत गेले, ते मला नक्की सांगता येणार नाही. ते बाहेर पायरीवर बशीतून चहा पीत होते. मला म्हणाले, मागंपर्यंत आवाज नीट येत होता. अकोल्याची गाडी कधी आहे ते विचारलं. मी 'सर...' म्हणून सुरुवात केली, तर तेवढ्यात ते पिशवी उचलून उठले. गाडी चुकेल म्हणाले. मला फार हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची लाज मला अजून पुरते आहे.

फोन करायचं मी रोज ठरवायची. असं करत सर निवृत्त झाले, तेही मला दुसऱ्यांकडून कळलं. मी निरोपाला गेले नाही. आणि मग या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी ते अमरावतीत माझ्या दारात उभे. मुलीचं लग्न होतं. फोटो काढून मोबाइलवर पाठवायच्या या दिवसांत ते एकेका घरी जाऊन पत्रिका देत होते. त्यांनी शाळेतल्या लोकांसाठी मराठी पत्रिका वेगळी छापून घेतली होती. पाणी प्यायले, माझ्या मुलाला कितवीत आहेस विचारलं आणि मग पत्रिका उघडून खालच्या नावांवर बोट ठेवलं. आपले स्नेही, म्हणून अख्खा हिवरखेडचा स्टाफ होता, शिपाई होता, आणि मधोमध माझं नाव होतं, माहेर-सासरच्या आडनावांसकट, एकही वेलांटी न चुकता.

मी पत्रिका हातात घेतली. सरांनी ती माझ्या हातातच उलटी केली. मागची बाजू पांढरी होती. "छापनाऱ्याले सांगतलं, पाठ कोरी ठेव," ते म्हणाले. "कामात येते. तुमचं वाक्य अजून बाकी हाये, मॅडम." आणि हसले. त्यांच्या हसण्यात काही बोचरं होतं का, हे मी खूप तपासून पाहिलं आहे. नव्हतं.

लग्नाला जायचंच असं मी ठरवलं. घरी कोणालाच काही सांगितलं नाही, पण बसमध्ये मनात सगळं जुळवलं: बाजूला घ्यायचं, हात जोडायचे, आणि सांगायचं, की सर, मी तुमचं नाव घेतलं नाही आणि पोरांची कापली. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव करत अकोला येईपर्यंत हे वाक्य माझं पाठ झालं होतं.

शादीखान्याच्या दारातच सर उभे होते. नवा सफारी, डोक्यावर टोपी, आणि नवी पँटसुद्धा खालून दुमडलेली. मला बघून ते लगबगीनं पुढं आले. त्यांच्या बाजूला एक तिशीची सावळी, ठेंगणी बाई होती, साध्या जरीच्या साडीत. सर म्हणाले, या राऊत मॅडम. आणि मग तिच्याकडे हात करून, जसं वर्गात करायचे तसं, नाव आधी: "हे मुन्नी कासदेकर. धारनीले दवाखान्यात नर्स हाये. ते जीपचं वाक्य इचं."

मुन्नीनं माझा हात दोन्ही हातांत धरला. सरांनी तिला सांगितलं होतं, की तिचं वाक्य अमरावतीला मोठ्या हॉलमध्ये पडद्यावर आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचं सांगितलं नव्हतं. ती लाजत होती आणि तरी तिला विचारल्याशिवाय राहवत नव्हतं.

"मॅडम, माझं नाव घेतलं तुमी?"

सर शेजारीच उभे होते. माझं पाठ केलेलं वाक्य तोंडात तयार होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मी म्हणाले, "हो. घेतलं ना."

"पूर्ण?"

"पूर्ण."

तिचा चेहरा असा उजळला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. ते दोन शब्द आता येणार, म्हणून मी वाट बघत राहिले. खरं सांगायचं तर ते यावेत असंच मला वाटत होतं, म्हणजे सगळं एकदाचं सुटलं असतं. सरांनी खिशाला हात लावला, नुसता लावला, आणि काढून घेतला. मग म्हणाले, जेवून घ्या मॅडम, तुमचं शाकाहारी डाव्या बाजूला वेगळं ठेवलं आहे.

ते मुन्नीला घेऊन आत नवरीकडे निघाले. मी त्यांच्या पाठीकडे बघत दारात उभी राहिले. इतक्या वर्षांत 'खरं हाये?' असं न विचारता त्यांनी कोणाचं वाक्य घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. माझं घेतलं.